‘चंदू चॅम्पियन’ आणि तात्यांचा अर्ज

‘चंदू चॅम्पियन’ मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा जून २०२४ मध्ये, पुण्यात, मैत्रिणींबरोबर, थिएटरात. रडले. बाहेर पडल्यावर स्टोरीही टाकली, भरल्या डोळ्यांच्या इमोजीसकट. दुसऱ्यांदा त्याच वर्षी दिवाळीत, गावी, मोबाइलवर, तात्यांच्या शेजारी बसून. त्या वेळी रडू आलं नाही. चित्रपट तोच होता, पण शेजारचा माणूस बदलला होता.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. सातारा जिल्ह्यातलं गाव, पायदळातली नोकरी. १९८७ च्या शेवटी ते श्रीलंकेत होते. आपल्या पुस्तकांत त्या सैन्याला ‘शांतिसेना’ म्हणतात. सुमारे बाराशे भारतीय जवान तिथे मेले, आणि आपल्या पिढीला त्यातलं जवळपास काहीच माहीत नाही. मलाही नव्हतं. जाफन्याच्या बाजूला तात्या रस्त्यानं पायी चालले होते आणि मागून येणारी गाडी सुरुंगावर गेली. गाडीतले दोघे जागेवर गेले. तात्यांच्या पाठीत आणि मांडीत स्प्लिंटर घुसले. त्यातले दोन अजून आत आहेत. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तेव्हा तात्या हसून म्हणाले होते, “त्या मशिनीत मला घालू नगा, चिकटून बसंन.”

तर, या तात्यांनी मला एक अर्ज लिहायला सांगितला होता. शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्या सैनिकाला आपल्याकडे एक पदक मिळतं. आधी त्याला वूंड मेडल म्हणत, आता ‘पराक्रम पदक’ म्हणतात. तात्यांना ते मिळालेलं नाही. सदतीस वर्षं त्यांनी विचारलंही नाही. मग गावात माजी सैनिकांचा मेळावा झाला, सगळे छातीवर पदकं लावून बसले, आणि तात्यांच्या नातीनं त्यांच्या कोटावरच्या एकेका पदकावर बोट ठेवत विचारलं, “आजोबा, पाठीचं कुठलं?” रात्री तात्यांचा मला फोन. “तुला इंग्लिश येतंय. लिही काय ते.”

अर्ज अर्धवट असतानाच आम्ही तो चित्रपट पाहिला. म्हणून पुढचं सगळं जरा एकात एक मिसळलेलं आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी: सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात नऊ गोळ्या लागलेले जवान. कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करत सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. कबीर खान दिग्दर्शक, कार्तिक आर्यन नायक. चित्रपट सुरू होतो तो पोलीस स्टेशनात. म्हातारे मुरलीकांत तक्रार नोंदवायला आलेत. कुणाविरुद्ध? भारताच्या आजवरच्या राष्ट्रपतींविरुद्ध. कशासाठी? अर्जुन पुरस्कार दिला नाही म्हणून.

ही सुरुवात मला आजही फार आवडते. हिंदी बायोपिकमध्ये म्हाताऱ्या नायकाला सहसा आरामखुर्ची आणि पियानोचं संगीत मिळतं. इथे त्याला लाकडी बाक मिळतो आणि श्रेयस तळपदेचा वैतागलेला इन्स्पेक्टर. पोलीस हसतात, आपणही हसतो. मागणाऱ्या माणसाकडे जग कसं बघतं, हे या एका प्रसंगात अचूक पकडलंय. हक्काची गोष्ट मागायला गेलेला माणूसही काउंटरपलीकडून विनोदीच दिसतो. पदक ‘मिळतं’, ‘दिलं जातं’. ते ‘मागितलं’ की त्याचा रंगच उतरतो. तात्यांनी मला फोन रात्री का केला, तोही अंगणात जाऊन हळू आवाजात, हे मला हा प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना कळलं. काकूला कळू द्यायचं नव्हतं.

पण पुढे चित्रपट काय करतो? इन्स्पेक्टरच्या मनात एक प्रश्न आहे: हा माणूस लायक आहे का? आणि पुढचे जवळपास अडीच तास चित्रपट त्याच प्रश्नाचं उत्तर देत बसतो. लहानपणी पाहिलेलं खाशाबा जाधवांचं स्वागत, कुस्ती, पळून जाणं, फौज, बॉक्सिंग, गोळ्या, पाणी, सुवर्ण. एकेक फ्लॅशबॅक म्हणजे एकेक जोडपत्र. शेवटी पोलीस स्टेशनातल्या कुणाच्याही मनात शंका उरत नाही, थिएटरातल्या आपल्याही नाही. म्हणजे चित्रपट स्वतःच एक अर्ज होऊन जातो, सर्व कागदपत्रांसह, साक्षांकित. आणि अर्जाचा एक नियम असतो: ज्याच्यापुढे अर्ज करायचा, त्याचेच निकष मानून लिहायचं. हसणाऱ्या इन्स्पेक्टरला चित्रपट उलटा प्रश्न विचारत नाही. तो त्याचं समाधान करतो.

यात वाईट काय, असं मला पहिल्यांदा पाहताना वाटलं असतं. दुसऱ्यांदा मात्र मी एक वेगळाच हिशोब करत होते. या गोष्टीत जखमेची किंमत किती?

उत्तर असं की जखम ही या चित्रपटात मधली अडचण आहे. तिच्याआधी स्वप्न, तिच्यानंतर स्वप्नपूर्ती. युद्धाचा प्रसंग दणदणीत आहे. आठ मिनिटांचा एकसलग शॉट म्हणून त्याची जाहिरातही झाली होती, आणि छायाचित्रण खरोखर भारी आहे. पण आठ मिनिटांच्या धावपळीनंतर जे वर्षानुवर्षं पडून राहणं येतं, ते मात्र भराभर उरकलं जातं. शुद्ध हरपलेला काळ एका कटमध्ये जातो. हॉस्पिटलात राजपाल यादवचा वॉर्डबॉय येतो, विनोद येतात, मग विजय राजचे कोच येतात, मग पोहण्याचा माँटाज आणि वाढत जाणारं संगीत. कार्तिकनं या भूमिकेसाठी घेतलेली शरीराची मेहनत दिसते, नाकारण्यात अर्थ नाही. पण कॅमेरा त्या कमावलेल्या शरीराच्या इतका प्रेमात आहे की निकामी झालेल्या पायांकडे तो थोडा लाजूनच बघतो.

हॉस्पिटलचा भाग आला तेव्हा तात्या म्हणाले, “थांबव जरा.” मी पॉज केलं. मग त्यांनी मला वीस मिनिटं सांगितलं. पालथं झोपायचं असायचं, कारण पाठ. पालथ्या माणसाला फक्त फरशी दिसते. येणाऱ्याचे बूट बघून कोण आलं ते ओळखायचं. शेजारच्या खाटेवरचा एक मद्रासी पोरगा (तात्यांच्या लेखी विंध्याच्या खालचे सगळे मद्रासी) रात्री आईला हाका मारायचा, आणि ज्या रात्री हाका थांबल्या त्या रात्री कुणालाच झोप लागली नाही. बेडपॅन आणणारा वॉर्डबॉय आला की एक जण विनोद सांगायचा, त्या वासावर उपाय म्हणून. राजपाल यादव त्यांना एकदम पटला तो त्यामुळे. “असला एक असतोच,” म्हणाले. “त्यानंच वाचवलंय. डाक्टरनं नंतर.” मग, “चालू कर.” माँटाज सुरू झाला. तात्या चष्मा पुसायला लागले. रडत नव्हते, कंटाळले होते.

(कार्तिकची हिंदीत मुरवलेली सांगलीही त्यांना झेपली नाही. “ही कुठली सांगली?” हा त्यांचा एकमेव भाषाशास्त्रीय अभिप्राय.)

मला माहितेय, कुणीतरी म्हणेल की हा बायोपिक आहे, माहितीपट नाही, आणि पेटकरांची गोष्ट खरोखरच सुवर्णाची आहे. बरोबर. पेटकर मागतायत तो अर्जुन पुरस्कारही खेळाडूचा आहे, सैनिकाचा नाही. १९८२ मध्ये त्यांनी तो मागितला तेव्हा नाकारला गेला. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, चित्रपट तिथवर येतो. आणि चित्रपटगृहातून उतरल्यावर काही महिन्यांनी, १७ जानेवारी २०२५ ला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, राष्ट्रपती भवनात त्यांना जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कारही मिळाला. ती बातमी मी तात्यांना फोनवर सांगितली तेव्हा ते मनापासून खूश झाले. माझा आक्षेप पेटकरांवर असूच शकत नाही. माझा आक्षेप आपल्या गोष्टी सांगण्याच्या सवयीवर आहे. जखमी सैनिकाची गोष्ट आपल्याला चालते, फक्त त्यानं नंतर काहीतरी जिंकलेलं असावं. पेटकर चौथे आले असते तर? तेवढ्याच नऊ गोळ्या, तेवढीच खाट, तेवढंच पाणी. मग हा चित्रपट कुणी केला असता?

आता अर्जाकडे येते. पहिला मसुदा मी लिहिला तो असा: ‘शत्रूशी शौर्याने लढताना मी गंभीर जखमी झालो.’ इंग्रजीत आणखी भारदस्त वाटत होतं. तात्यांना मराठी करून वाचून दाखवला. ते गप्प बसले. मग म्हणाले, “ह्यात म्या काय केलं? म्या काय केलंच न्हाई पोरी. चाललो हुतो. झालं ते माझ्यावर झालं.”

मी सांगितलं, “तात्या, पदकाचं नावच पराक्रम पदक आहे. पराक्रम लिहायलाच लागेल.”

“मग ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “पराक्रम न्हवता त्यो.”

मी मराठी साहित्यात एमए केलंय, शब्दांवर निबंध लिहिलेत, पण एका शब्दामुळे माणूस आपल्या हक्काच्या वस्तूपासून मागे सरकताना मी पहिल्यांदा पाहिला. इंग्रजी नाव सरळ होतं: जखमेचं पदक. जखम झाली, पदक मिळालं. नवं नाव आदरापोटीच दिलं असणार. पण ‘पराक्रम’ या शब्दात कर्ता असतो. पराक्रम केला जातो. जखम होते. व्याकरणातलं एवढं अंतर तात्यांना ओलांडता येईना, कारण ते खोटं बोलत नाहीत.

त्यात जखम पाठीवर. आपल्या सगळ्या पोवाड्यांत, शाळेच्या धड्यांत घाव कुठे असतात? छातीवर. राणा सांगाच्या अंगावर ऐंशी घाव होते, हे आपण भक्तिभावानं शिकतो आणि ते समोरून झेललेले होते असं न सांगताच गृहीत धरतो. पाठीवरची जखम म्हणजे पळताना झालेली, हे गृहीतकही त्याच पोतडीतून येतं. सुरुंगाला दिशा नसते, पण गोष्टीला असते. तात्यांनी सदतीस वर्षं अर्ज केला नाही यामागे आळस नव्हता, निरिच्छपणा नव्हता. अर्जात जखमेची जागा लिहावी लागते, हे त्यांना माहीत होतं. ‘चंदू’मधल्या गोळ्यांबद्दल चित्रपट पाहताना त्यांनी विचारलेला एकच प्रश्न होता: “कुठनं लागल्या?” मला वाटलं, कुठल्या बाजूनं हल्ला झाला ते विचारतायत.

इतर देशांतले लोक असे अर्ज कसे करतात ते बघायला मी नेटवर शोधलं, आणि अमेरिकेच्या पर्पल हार्टपाशी पोचले. हे पदक सध्याच्या रूपात २२ फेब्रुवारी १९३२ ला, जॉर्ज वॉशिंग्टनच्या दोनशेव्या जयंतीला सुरू झालं. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना ते मिळवण्यासाठी तेव्हा स्वतःच अर्ज करावा लागायचा. म्हणजे मागण्याचा संकोच या पदकाच्या पाळण्यातच आहे. पण त्याच्या नियमांत मला एक गोष्ट साहित्य म्हणूनही आवडली. बाकीच्या शौर्यपदकांसाठी कुणीतरी शिफारस करावी लागते. याला शिफारस नसते. शत्रूच्या कृतीनं जखम झाली आणि तिच्यावर वैद्यकीय उपचार करावे लागले, की सैनिक हक्कदार. तो शूर होता का, घाबरला होता का, झोपला होता का, हे कुणी विचारत नाही. लष्करी नियमावलीत एवढी नम्रता असेल असं मला वाटलं नव्हतं.

अर्थात कागद तिथेही छळतोच. १९७३ मध्ये सेंट लुइसच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि दीड कोटींहून जास्त सैनिकांच्या फायली जळाल्या. नंतर पदक मागायला गेलेल्या कित्येकांच्या अंगावर व्रण होता आणि कागद नव्हता. कुठली जखम ‘जखम’ मानायची यावरही वाद आहेत. हिमदंशासाठी दुसऱ्या महायुद्धात पर्पल हार्ट मिळालं (कादंबरीकार कर्ट व्हॉनेगटचं त्यातलंच, आणि तो त्याची थट्टा करायचा), पुढे नियमांनी तो वगळला. युद्धानंतर मनावर राहणाऱ्या आघाताला हे पदक नाही, असं २००९ मध्ये पेंटागॉननं ठरवलं.

टिम ओब्रायनच्या ‘द थिंग्ज दे कॅरीड’ या १९९० च्या पुस्तकात नॉर्मन बोकर नावाचा पोरगा आहे. व्हिएतनामहून परतलाय. चार जुलैची संध्याकाळ, तो वडिलांची गाडी घेऊन गावातल्या तळ्याभोवती फेऱ्या मारत राहतो. त्याच्याकडे सात पदकं आहेत, त्यात पर्पल हार्टही आहे, पण ती जखम किरकोळ होती, तिचा व्रणही राहिलेला नाही. त्याच्या डोक्यात घोळतं ते न मिळालेलं आठवं, शौर्याचं. त्याबद्दल वडिलांना कसं सांगावं, ते काय म्हणतील, हे सगळं संभाषण तो मनातच करतो. सांगत कुणालाच नाही. ही कथा मी एमएला असताना वाचली होती आणि तिच्यावर ‘स्मृती आणि कथन’ वगैरे लिहिलं होतं. आता वाटतं, मी साधी गोष्ट सोडून दिली होती. ओब्रायन बोकरला लायक ठरवण्याच्या भानगडीतच पडत नाही. तो त्याला गाडी चालवू देतो. एक फेरी, दुसरी फेरी, बारा फेऱ्या. वाचक कंटाळेल या भीतीनं तो माँटाज करत नाही. ऐकणारं कुणी नसणं हाच त्या कथेचा विषय आहे, आणि लेखक त्या जागी कुठलाही इन्स्पेक्टर आणून बसवत नाही.

‘चंदू चॅम्पियन’कडे तर इन्स्पेक्टर आयता होता. तळपदेच्या चेहऱ्यावर पुष्कळ काही होऊ शकलं असतं. समजा मध्येच, सुवर्णपदक येण्याआधी, हॉस्पिटलच्या खाटेपाशीच त्यानं हसणं थांबवलं असतं. समजा त्यानं म्हटलं असतं, बास, एवढं पुरे, नोंदवतो तक्रार. मग उरलेला चित्रपट त्याला पटवण्यासाठी राहिला नसता. मग मुरलीकांत पोहले असते ते केवळ पाण्यात हलकं वाटतं म्हणून, आणि सुवर्ण आलं असतं ते एखाद्या बोनससारखं. एवढ्या एका जागेच्या बदलानं माझ्या मते हा चित्रपट चांगल्यातून मोठ्यात गेला असता. त्याऐवजी हसू थांबायला पदक लागतं. चित्रपटाला लहान मुरलीवर हसणारी गर्दी नीट कळली आहे, तिचा राग आहे, आणि तरी शेवटी तो त्याच गर्दीकडून टाळी घेऊन मोकळा होतो.

तरीही तुम्ही पाहिला नसेल तर पाहा. मी मांडलेल्या तक्रारी धरूनही, गेल्या काही वर्षांत सैनिकाच्या मोडलेल्या शरीराला नायक करणारा हा मोजक्या मुख्य धारेतल्या चित्रपटांपैकी एक आहे, आणि पोलीस स्टेशनातला तो बाक मी विसरणार नाही. शक्य झालं तर घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाबरोबर पाहा आणि ते सांगतील तिथे पॉज करा.

आमचा अर्ज एका कार्यालयातून आधी परत आला. तात्यांच्या कागदांवर ‘इंज्युरी’ असा शब्द आहे. लष्करात बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी असे दोन वेगळे रकाने असतात, पहिला शत्रूच्या नावे, दुसरा नशिबाच्या. तात्या कुठल्या रकान्यात बसतात हे त्या एका शब्दावरून ठरेना. म्हणजे आता तात्यांना सिद्ध करायचंय की सुरुंग शत्रूचा होता. शांतिसेनेत शत्रू. तात्यांना यात विनोद दिसला. ते खूप वेळ हसले.

मग आम्ही दोघांनी बसून दुसरा अर्ज केला. त्या वेळी बरोबर असलेला एक जण बेळगावकडचा, त्याचा नंबर मिळाला, त्याचं निवेदन जोडलं. माझं ‘शौर्याने लढताना’ तात्यांनी स्वतः पेनानं खोडलं. पदकाचं नाव छापलेलं होतं, ते तसंच ठेवलं. त्याला इलाज नव्हता. घटनेच्या वर्णनात आता तीन वाक्यं आहेत: मी रस्त्याने पायी जात होतो. मागची गाडी सुरुंगावर गेली. मला जखम झाली.

खाली ‘जखमेची जागा’ असा रकाना होता. मी पेन धरून थांबले. तात्या म्हणाले, “लिही की. पाठ.” आणि मग, मी लिहीत असताना, “स्पेलिंग बरोबर हाय न्हवं?”